सबवूफर आहे, तरी बास नाही? बेळगावकडच्या घरांसाठी होम थिएटरची जुळवणी

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठंही जा, हॉलमध्ये फाईव्ह पॉइंट वन (५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. टीव्हीखाली रिसिव्हर म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र, कोपऱ्यात सबवूफरचा, म्हणजे सबचा काळा डबा, भिंतींवर छोटे स्पीकर. तक्रार मात्र घरोघरी एकच: आवाज मोठा येतो, पण दणका बसत नाही. मग बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं जातं. त्यानं ढबढब वाढते, माणसांचे आवाज पिंपातून आल्यासारखे वाटायला लागतात, आणि खरा खोल बास होता तिथंच राहतो. पुढची पायरी म्हणजे दुकानात जाऊन मोठ्या सबची चौकशी.

तिथं जाण्याआधी थांबा. बहुतेक घरांत बास यंत्रात कमी नसतो, तो वाटेत गळतो. काही टीव्हीच्या सेटिंगमध्ये जातो, काही उलट्या जोडलेल्या वायरीत, आणि सगळ्यात जास्त खोलीत. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपया लागत नाही, आणि आधीची पायरी चुकलेली असेल तर पुढची कितीही नीट केली तरी उपयोग होत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीचा जो दणका बसतो, तो घरात आणायचा नाही. तिथं उघड्या रस्त्यावर शेकडो लोकांपर्यंत आवाज पोचवायचा असतो. घरात आपल्याला हवा असतो तो ३० हर्ट्झच्या (सेकंदाला ३० कंपनं; आकडा जितका लहान तितका सूर खोल) आसपास उतरणारा, हवा तेव्हा येणारा आणि लगेच थांबणारा बास. वीज कडाडल्यावर गडगडाट लांबवर विरत जावा, आणि ढोलावरची प्रत्येक थाप सुटी ऐकू यावी.

‘पॉइंट वन’ सबपर्यंत पोचतो का?

फाईव्ह पॉइंट वनमधला ‘पॉइंट वन’ हा फक्त खालच्या आवाजासाठी, म्हणजे खोल सुरांसाठी राखून ठेवलेला वेगळा चॅनल. त्याला एलएफई म्हणतात. त्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो, आणि बाकीच्या चॅनलपेक्षा तो १० डेसिबल जास्त जोरात वाजावा अशी सोय मुळातच केलेली असते. स्फोट, भूकंप, विमानाची घरघर यांचा मोठा भाग इथं असतो. टीव्हीतून जर फक्त स्टिरिओ बाहेर येत असेल, तर हा चॅनल तुमच्या घरापर्यंत येतच नाही.

म्हणून पहिल्यांदा टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा. डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर ‘ऑटो’, ‘पासथ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा. ओटीटीच्या ॲपमध्येही सिनेमा सुरू असताना ऑडिओच्या यादीतून ५.१ असलेला ट्रॅक निवडा. कित्येकदा मूळ भाषेचा ट्रॅक ५.१ असतो आणि डब केलेला नुसता स्टिरिओ. जोडणी एचडीएमआय एआरसीनं (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे परत नेणाऱ्या सॉकेटनं) असेल तर उत्तम. ऑप्टिकल वायरीतूनही साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, त्यामुळे जुना टीव्ही असला तरी हरकत नाही. खात्री करायची ती रिसिव्हरच्या पडद्यावर. तिथं डॉल्बी किंवा डीटीएसचं नाव दिसलं पाहिजे. पीसीएम आणि दोनच चॅनल दिसत असतील तर वाट अजून अडलेली आहे.

केबलवरच्या किंवा डिशवरच्या बहुतेक वाहिन्या स्टिरिओच असतात. तिथं एलएफई नाही, पण बास आहे. तो डाव्या-उजव्या चॅनलमध्येच मिसळलेला असतो. तो सबकडे वळवणं रिसिव्हरचं काम, त्याकडे पुढे येतो.

असेंबल केलेले ॲम्प्लिफायर आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यातले काही खरोखर चांगले वाजतात. त्यांच्या मागं सहा पिनांचं इनपुट असतं. टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून त्यातल्या दोनच पिना भरल्या तर बाकीचे चॅनल रिकामे राहतात, किंवा आतला बोर्ड स्टिरिओलाच फिरवून सगळीकडे वाजवतो. अशा ॲम्प्लिफायरला बाहेरून डिकोडर (५.१ चे सहा चॅनल सुटे करून देणारा डबा) जोडून सहाही पिना भराव्या लागतात. त्यातही, सहा पिनांच्या जोडणीत एलएफईचं ते १० डेसिबल अनेकदा मिळत नाही, म्हणून सबच्या पिनेचा आवाज डिकोडरवर किंवा ॲम्प्लिफायरवर मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. ‘सगळं वाजतं, पण सब दुबळा’ या तक्रारीमागं बरेच वेळा एवढंच कारण असतं.

वायरी: तांबडी तांबड्यात, काळी काळ्यात

दिवाळीच्या साफसफाईत किंवा रंगकामाच्या वेळी स्पीकर काढले जातात आणि परत लावताना एखाद्याच्या वायरी उलट होतात. आवाज तर येतोच, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण डावा स्पीकर हवा पुढं ढकलत असताना उजवा मागं ओढत असेल, तर खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो.

तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. ॲम्प्लिफायर बंद करा, स्पीकरची वायर त्याच्या मागून सोडवा आणि सेलचं अधिक टोक तांबड्याला, उणं टोक काळ्याला क्षणभर टेकवा. ‘टप’ असा आवाज येऊन स्पीकरचा हलणारा कागद (कोन) बाहेर आला पाहिजे. आत गेला तर त्या वायरीची टोकं उलटी आहेत. सगळे स्पीकर असे तपासून घ्या. सेल टेकवून धरू नका, नुसता स्पर्श करा.

रिसिव्हरच्या ‘सब आउट’पासून सबच्या ‘एलएफई’ किंवा ‘लाइन इन’पर्यंत एकच वायर लागते. ती चांगल्या आवरणाची, शील्ड असलेली घ्या. महागडी घ्यायची गरज नाही.

सबमधून सतत ‘हुंऽऽ’ येत असेल, तर ती ५० हर्ट्झची घरघर आहे. केबलची किंवा डिशची वायर बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन येते, घरातल्या बोर्डाचं अर्थिंग वेगळं, आणि दोन्हींमधून प्रवाह फिरत राहतो. आधी टीव्हीतून किंवा बॉक्समधून ती गोल केबल काढून बघा. घरघर थांबली तर त्या वायरीवर आयसोलेटर लावून घ्या. टीव्ही, रिसिव्हर, सब सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. थ्री-पिनची मोठी पिन तोडून घरघर बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे. जुन्या घरांत त्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नसतं, तेव्हा वायरमनला बोलावून एकदा तपासून घेतलेलं चांगलं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघर वाढत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. साइन वेव्हवर तो त्रास सहसा होत नाही.

रिसिव्हरमधली चार सेटिंग

स्पीकरच्या मेनूमध्ये ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ असे पर्याय असतात. आपले स्पीकर मोठे दिसतात म्हणून पुष्कळ जण ‘लार्ज’ ठेवतात, आणि बासचा सगळ्यात मोठा तोटा इथं होतो. ‘लार्ज’ म्हणजे ‘या स्पीकरला त्याचा सगळा बास तिकडंच दे’. स्टिरिओ गाणं लावलं की सबला काहीच मिळत नाही आणि चार इंचांचा स्पीकर त्याला न झेपणाऱ्या आवाजाशी झगडत बसतो. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा. मग ठरावीक हद्दीच्या खालचा आवाज रिसिव्हर आपण होऊन सबकडे वळवतो.

ती हद्द म्हणजे क्रॉसओव्हर. सुरुवात ८० हर्ट्झपासून करा. टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीनं घरगुती सिस्टीमसाठी हाच आकडा धरला आहे. पाच-सहा इंचांच्या वूफरच्या बुकशेल्फ स्पीकरला तो बरोबर बसतो. भिंतीवरचे तळहाताएवढे सॅटेलाइट असतील तर १२० ते १५० लागेल. ते १०० हर्ट्झच्या खाली धडपणे वाजतच नाहीत, त्यामुळे ८० ठेवलं तर मधला आवाज कुणीच वाजवत नाही, आणि बासमध्ये खड्डा पडतो. हद्द वर नेण्याचीही किंमत आहे. १०० च्या वरचा आवाज कुठून येतो ते कानाला कळायला लागतं आणि पुरुषांचा आवाज सबमधून घुमतो. अशा वेळी सब टीव्हीच्या जवळच ठेवावा लागतो.

सबच्या पाठीवर स्वतःचं क्रॉसओव्हरचं बटण असतं. ते सगळ्यात वरच्या आकड्यावर न्या, किंवा ‘एलएफई’ अशी खूण असेल तर त्यावर. एकच आवाज दोनदा गाळायचा नाही. रिसिव्हरमध्ये ‘एलपीएफ फॉर एलएफई’ (एलएफईची वरची हद्द) असेल तर ते १२० वर.

उरलेलं सेटिंग म्हणजे मोड. ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’मध्ये अनेक रिसिव्हर बास वळवण्याचं काम बंद करतात, आणि स्टिरिओ ऐकताना सब गप्प होतो. ‘नाइट मोड’, ‘डीआरसी’, ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ असली नावं दिसली तर ती बंद करा. मोठे आवाज दाबून टाकणं हेच त्यांचं काम. हे सगळं रिसिव्हरबरोबर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्समध्येही तपासा, तिघांचे मेनू वेगवेगळे असतात.

सब कुठे ठेवायचा: इथं वेळ घालवा

बाकी सगळ्या पायऱ्या एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्यात टाकली तरी हीच जड भरेल. तेच यंत्र, तेवढाच आवाज, आणि चार फूट सरकवल्यावर वेगळाच सब आणल्यासारखं वाटतं.

कारण लांबीत आहे. ४० हर्ट्झची एक लाट जवळजवळ २८ फूट लांब असते. आपल्या हॉलमध्ये ती मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत येते, स्वतःलाच भेटते, आणि खोलीत काही जागी दुप्पट होते तर काही जागी जवळजवळ नाहीशी होते. तुमच्या खोलीत हे कुठल्या आकड्यावर होतं ते काढणं सोपं आहे: ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या लांबीनं भागा. मग रुंदीनं, मग उंचीनं.

टिळकवाडी, अनगोळकडच्या स्लॅबच्या घरांत आढळतो तसा १५ बाय १२ चा, १० फूट उंचीचा हॉल घेऊ. लांबीचा आकडा ३८ हर्ट्झ, रुंदीचा ४७, उंचीचा ५६. या तीन ठिकाणी बास फुगणार. आणि ज्या दिशेचा आकडा, त्या दिशेला खोलीच्या बरोबर मध्यावर तोच आवाज गायब होणार. म्हणजे सोफा जर समोरच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर, बरोबर मध्ये असेल, तर ३८ हर्ट्झचा बास त्या सोफ्यावर बसणाऱ्याला ऐकूच येणार नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलेल्याला मात्र तो भरपूर ऐकू येईल.

माझ्या मावसभावाच्या घरी नेमकं हेच होतं. सोफा मधोमध, मागं जेवणाचं टेबल. त्यानं सबचा आवाज इतका चढवला होता की शोकेसमधल्या काचा वाजत होत्या, आणि तो म्हणत होता, सिनेमात दम नाही. सोफा तीन फूट मागं घेतला आणि टेबल बाजूला सरकवलं. मग सबचा आवाज उलट कमी करावा लागला. अशा गायब जागेला जोर वाढवून काही होत नाही. जितका आवाज द्याल तितकाच परतणारी लाट खाते, आणि ॲम्प्लिफायर विनाकारण तापतो.

अगदी मागच्या भिंतीला डोकं टेकेल असंही बसू नका. तिथं बास खूप मिळतो, पण सगळा एकसारखा फुगलेला, सुट्या थापा कळत नाहीत. मागच्या भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढं ही बहुतेक आयताकृती हॉलमध्ये चांगली जागा ठरते. खोली चौकोनी असेल, समजा १२ बाय १२, तर लांबी-रुंदी दोन्हींचे आकडे एकच येतात आणि एकाच सुरात दुप्पट घुमतं. अशा खोलीत सब आणि सोफा दोन्ही मध्यरेषेवरून थोडे बाजूला घ्यावेत.

बसायची जागा ठरली की सबची जागा शोधा. पद्धत थोडी विचित्र दिसते, पण याहून भरवशाची मला माहीत नाही. सब उचलून तुम्ही बसता त्या सोफ्यावर, कानाच्या जागी ठेवा. जाणारी वायर पुरेल अशी लांब घ्या. एखादं गाणं लावा ज्यात बास गिटार खालपासून वरपर्यंत फिरत राहते. तिची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, त्यामुळे आपल्याला हवा तो पट्टा बराचसा येतो. मग गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेकडेनं रांगत जा, कान जमिनीजवळ ठेवा. कुठं एकच सूर गडगडतो, कुठं सगळे पोकळ वाटतात, आणि एखाद्या जागी प्रत्येक सूर सारख्या वजनाचा ऐकू येतो. तिथं खडूनं खूण करा. सब त्या जागी आला आणि तुम्ही सोफ्यावर बसलात की तेच ऐकू येतं, कारण दोघांनी जागा बदलल्या तरी मधली वाट तीच राहते. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कोपऱ्याबद्दल. दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात तिथं सबला सगळ्यात जास्त आधार मिळतो, कित्येक डेसिबल फुकटात मिळतात. लहान सब असेल तर कोपरा पहिल्यांदा आजमावाच. पण कोपऱ्यातून खोलीचे सगळे फुगणारे आकडे एकदम जागे होतात. ढबढब वाटली तर कोपऱ्यापासून एक-दीड फूट सरकवत ऐका. मागं पोर्टचं भोक असेल तर भिंतीपासून निदान सहा इंच मोकळे ठेवा.

आता घराघरांतला फरक. स्लॅबचं छत आणि विटांच्या किंवा जांभ्याच्या भिंती खालचा आवाज जवळजवळ सगळा परत फेकतात. तिथं बास भरपूर असतो, पण उंचसखल असतो; काम असतं ते तो सपाट करण्याचं. शहापूर-वडगावातली जुनी घरं, खानापूरकडची कौलारू घरं यांचं उलट आहे. कौलांच्या फटींतून, लाकडी माळ्यातून, उघड्या चौकटींतून खालचा आवाज निघून जातो. सोप्याला नुसतं दार नसून पुढं उघडी पडवी असेल तर आणखी जातो. तिथं घुमत नाही, आवाज स्वच्छ असतो, पण भरत नाही. अशा घरात सिस्टीम सोप्याऐवजी माजघरासारख्या बंद खोलीत हलवता आली तर बघा, सब कोपऱ्यातच ठेवा आणि सोफ्याच्या जवळ ठेवा. जवळ ठेवलेल्या सबचा आवाज खोलीत पसरून विरण्याआधी तुमच्यापर्यंत पोचतो. लाकडी माडीवर सब असेल तर खाली जाड रबरी मॅट आणि वर शहाबादी फरशीचा तुकडा घाला, नाहीतर तुळया आणि फळ्या त्याच्याबरोबर थरथरतात.

फेज आणि अंतर

सबच्या मागं ० आणि १८० असा फेजचा स्विच असतो. झोपाळा एकानं पुढं ढकलावा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी मागं ओढावा, तसं सब आणि पुढच्या स्पीकरचं होऊ नये म्हणून तो दिलेला असतो. क्रॉसओव्हर ८० वर असेल तर ८० हर्ट्झचा टेस्ट टोन मध्यम आवाजात लावा, तुम्ही सोफ्यावर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्विच बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बाजू बरोबर. टोन सलग आणि मोठ्यानं वाजवत ठेवू नका, त्यानं कॉइल जळू शकतं.

मेनूमध्ये सबचं अंतर विचारलं जातं. ऑटो कॅलिब्रेशननंतर (रिसिव्हर माइकनं खोली मोजून आपण होऊन जुळवणी करतो ते) सब आठ फुटांवर असताना रिसिव्हर बारा-तेरा फूट दाखवत असेल तर ‘दुरुस्त’ करू नका. सबच्या आतल्या प्रक्रियेला थोडा वेळ लागतो, तो रिसिव्हरनं फुटांत धरलेला असतो. एक फूट म्हणजे साधारण ०.९ मिलिसेकंद. हातानं फरक करायचाच असेल तर एकेक फूट वाढवत-कमी करत तोच ८० चा टोन ऐका आणि सगळ्यात भरदार वाटेल तिथं थांबा.

लेव्हल किती ठेवायची

आता बटणाला हात लावायचा. सबच्या मागचं गेनचं (आवाजाच्या जोराचं) बटण निम्म्याच्या जरा अलीकडे ठेवा आणि रिसिव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन चालवा. मायक्रोफोन ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढं. पंखा, फ्रिज, मिक्सर सगळं बंद. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना हे करू नका, खालच्या आवाजाची मोजणी चुकते. खानापूरकडं जुलैत त्यासाठी उघडीप बघावी लागते.

झाल्यावर सबचा आकडा बघा. तो उण्याच्या टोकाला, उणे १२ जवळ गेला असेल तर सबचा गेन जास्त आहे. तो कमी करून परत चालवा. अधिकच्या टोकाला असेल तर गेन वाढवा. शून्याच्या जरा खाली आला की बरोबर.

मोबाइलच्या डेसिबल ॲपवर इथं विसंबू नका. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचा आवाज त्यात पडतो. आधी आणि नंतर यांची तुलना करायला तो चालेल. खरी मोजणी करायची हौस असेल तर यूएसबीचा मोजणी-माइक आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. खोलीचे उंचवटे आणि खड्डे डोळ्यांसमोर दिसले की अंदाजाचं काम उरत नाही.

कॅलिब्रेशननंतर बास कमी झाल्यासारखा वाटतो, आणि अनेकांचा विश्वास इथंच उडतो. खरं तर ढबढब गेलेली असते. आता सबची लेव्हल ३ डेसिबल वाढवा, काही दिवस ऐका, वाटलं तर ६ पर्यंत जा. पण हिशेब लक्षात ठेवा: ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात, ६ ला चौपट, १० ला दहापट. पोर्टमधून फुसफुस किंवा कागदातून ‘टक’ ऐकू आलं की तुमच्या सबची मर्यादा आली, एक पाऊल मागं या.

रात्री हळू आवाजात बास नाहीसा होतो तो कानामुळे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल लॅबमध्ये दाखवून दिलं की आवाज कमी केला की कानाला खालचे सूर सगळ्यात आधी कमी ऐकू येतात. चित्रपट मोठ्या आवाजासाठी मिक्स केलेला असतो आणि आपण तो कितीतरी खाली ऐकतो. यावर उपाय रिसिव्हरमध्येच असतो: ऑडिसी ही कॅलिब्रेशनची पद्धत असलेल्या रिसिव्हरमध्ये ‘डायनॅमिक ईक्यू’, यामाहात ‘वायपाओ व्हॉल्यूम’. आवाज जितका खाली न्याल तितका बास ते वर उचलतात. हे चालू ठेवा. ऑडिसीचंच ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ वेगळं, ते मघाशी बंद केलंत ते. नावं जवळजवळ सारखी असल्यानं लोक नेमकं उलटं करून ठेवतात.

खोलीतलं थोडं काम

सब नीट लागला की पहिल्यांदा वाजते ती शोकेस. खिडकीची काच, देवघराची घंटा, दाराची कडी, टीव्हीमागची सैल केबलपट्टी. ३० पासून ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टोन लावा आणि खोलीत फिरा. प्रत्येक वस्तू आपापल्या आकड्यावर खडखडते. काचांना रबरी पट्टी, कडीला कापडाचा तुकडा. हा खडखडाट गेला की बास एकदम खोल वाटायला लागतो, कारण खडखड वरच्या सुरात असते आणि खालच्या सुरावरून लक्ष उडवते.

पडदे, सतरंजी, गाद्या यांनी बोलणं स्वच्छ होतं, प्रतिध्वनी कमी होतो. खालच्या बासवर त्यांचा काही परिणाम होत नाही. ऑनलाइन मिळणारा एक-दोन इंचांचा टोकदार फोमही त्यातलाच, बाससाठी त्यावर पैसे घालू नका. कोपऱ्यातला फुगवटा कमी करायचा तर चार ते सहा इंच जाड रॉकवूल, जमिनीपासून छतापर्यंत, कापडात बांधून उभं करावं लागतं. सुतार चौकट करून देतो. रॉकवूल हाताळताना तोंडाला मास्क आणि हातमोजे हवेतच.

भिंतीला भिंत लागून घरं असतील तर सब शेजाऱ्याच्या सामायिक भिंतीपासून दूर ठेवा. कायद्यानं वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि बास भिंतीतून सगळ्यात सहज जातो. परीक्षेच्या दिवसांत मी सबची लेव्हल सरळ ६ डेसिबल खाली आणतो.

तरीही कमी पडला तर

हे सगळं झाल्यावर कमी पडला, तर तो खरोखर कमी आहे, आणि आता खरेदी करायला हरकत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा) वाचूच नका. आरएमएस वॅट (सलग मिळणारा खरा जोर) आणि तो किती हर्ट्झपर्यंत उतरतो ते विचारा. पोर्टचा सब तेवढ्याच पैशात जास्त जोर देतो, पण त्याच्या ठरावीक आकड्याखाली आवाज झपाट्यानं पडतो. बंद डब्याचा हळूहळू पडतो, लहान खोलीत भिंतींचा आधार मिळाल्यानं तो खोलवर जातो, आणि गाण्यांना जास्त सुटसुटीत वाटतो. कागदाच्या कडेला फोमऐवजी रबर आहे ना, ते हात लावून बघा. दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो. जुना सब फाटका वाजत असेल तर आधी हीच कड तपासा, ती बदलून मिळते.

एक मोठा घ्यायचा की दोन मध्यम, असं मला कुणी विचारलं तर मी दोन सांगतो. हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर सोफ्यावरच्या सगळ्या माणसांना बराच सारखा बास मिळतो, हे त्यातून दिसलं. एका सबमध्ये जो मधला माणूस उपाशी राहतो तो दोनमध्ये राहत नाही. दोन्ही शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या. वाय वायरनं (एका टोकाची दोन करणाऱ्या वायरनं) जोडले तर दोघांचे गेन सारखे ठेवा. आणि दुसरा आला की फेज, अंतर, कॅलिब्रेशन हे सगळं पहिल्यापासून परत करा, जुने आकडे आता चालत नाहीत.